तीन पिढ्या आणि सात हजार फूट : सांता फेच्या एका कौटुंबिक सहलीची आखणी

हे प्रकरण आमच्याच घरातील आहे. सासूसासरे मंगळवेढ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे डॅलसला आले होते. सासऱ्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. बांधकाम खात्यातील नोकरीतून ते निवृत्त झालेले आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि गुडघे दुखतात. सासूबाई बाहत्तर वर्षांच्या, कडक शाकाहारी आणि माळकरी आहेत. याशिवाय आम्ही दोघे, आमचा चौदा वर्षांचा मुलगा व चार वर्षांची मुलगी, आणि डेन्व्हरला राहणारी नणंद व तिची नऊ वर्षांची लेक, असे एकूण आठ जण होतो. पाच रात्रींची सहल ठरवायची होती आणि ती आखण्याचे काम माझ्याकडे आले होते.

न्यू मेक्सिको राज्याची राजधानी असलेल्या सांता फेचे नाव नणंदेने सुचवले, कारण ती चित्रे काढते आणि चित्रकार, कुंभार, विणकर यांचे गाव म्हणून या शहराची ख्याती आहे. १६१० मध्ये स्पॅनिश वसाहतवाल्यांनी ते वसवले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वीस वर्षे आधी. २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती नव्वद हजारांच्या आत असल्याने आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढेच ते आहे. जुना भाग पायी फिरता येण्याजोगा असल्याने वयस्कर माणसांना हे शहर सोयीचे पडेल, असे मला पहिल्यांदा वाटले, आणि तेथेच माझ्या पहिल्या आराखड्याची चूक झाली.

पहिला आराखडा का फाडावा लागला

पहिल्या आराखड्यात मी प्रेक्षणीय स्थळांची यादी केली आणि ती पाच दिवसांत बसवली. रोज तीन ठिकाणे येत होती. एका दिवशी तर डोंगरातील वरच्या रस्त्याने ताओस हे गाव गाठून रात्री परत येण्याचे मी लिहिले होते. हा कागद नणंदेने पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "वहिनी, बाबांनी आयुष्यात सगळ्यात उंचावर रात्र कुठे काढली आहे?" आठवून पाहिले तर उत्तर महाबळेश्वर असे निघाले. महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई सुमारे पाच हजार चारशे फूट उंच आहे. सांता फे मात्र सात हजार फुटांवर वसलेले आहे. याचा अर्थ असा, की कळसूबाईच्या माथ्यावर पुन्हा दीड हजार फुटांहून अधिक चढून तेथे पाच रात्री झोपायचे, आणि तेही डॅलसच्या सुमारे पाचशे फुटांवरून एका दिवसात जाऊन, असा तो बेत होता.

या उंचीवर धडधाकट माणसालाही पहिल्या एकदोन दिवसांत डोके दुखणे, झोप न लागणे, जिना चढताना धाप लागणे असे त्रास होऊ शकतात. हवा विरळ असतेच, शिवाय ती वाळवंटी आणि कोरडी असल्याने घाम जाणवत नाही आणि शरीरातील पाणी नकळत कमी होते. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी असल्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी आम्ही डॉक्टरांचा सल्ला घेतला. जायला हरकत नाही, पण उंची टप्प्याटप्प्याने गाठा, पहिले दोन दिवस चढ टाळा आणि पाणी पिण्याकडे लक्ष ठेवा, असे त्यांनी सांगितले. गोळ्यांत कोणताही बदल आम्ही स्वतःच्या मनाने केला नाही, हे येथे मुद्दाम नोंदवते, कारण आपल्याकडे प्रवासात "लघवीची गोळी आज नको" असे म्हणून ती परस्पर बंद करण्याची सवय फार घरांत आहे.

टप्प्याटप्प्याने वर जाण्याचे दोन मार्ग होते. डॅलसहून मोटारीने निघून ॲमरिलोला मुक्काम केला असता तर साडेतीन हजार फुटांवर एक रात्र मिळाली असती, परंतु दोन दिवसांत मिळून सुमारे दहा तास बसून राहणे सासऱ्यांच्या गुडघ्यांना झेपले नसते. म्हणून आम्ही विमानाने न्यू मेक्सिकोतीलच अल्बुकर्की या शहरी उतरलो आणि पहिली रात्र तेथेच काढली. अल्बुकर्कीचा विमानतळ जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी तेथून रेल रनर नावाच्या प्रवासी गाडीने सांता फेला गेलो. माझे पती सामान घेऊन भाड्याच्या मोटारीने पुढे गेले, आणि नणंद व तिची लेक डेन्व्हरहून थेट तेथे आल्या. डेन्व्हर पाच हजारांवर फुटांवर असल्याने त्या दोघींना या उंचीची भीती नव्हती.

ही गाडी २००८ च्या अखेरीपासून सांता फेपर्यंत धावते आणि सुमारे दीड तास घेते. दारे बंद होताना कार्टूनमधल्या रोडरनर पक्ष्याच्या आवाजाची नक्कल वाजते, त्यामुळे धाकटी प्रत्येक स्थानकाची वाट पाहत राहिली. मार्ग काही ठिकाणी पुएब्लो आदिवासींच्या भूमीतून जातो आणि तेथे छायाचित्रे काढू नयेत अशी प्रवाशांना विनंती केली जाते. मोठ्या मुलाने फोन खाली ठेवला, आणि मग त्या दोन घरांच्या वस्त्यांकडे, ओसाड टेकड्यांकडे, दूरवर दिसणाऱ्या डोंगररांगांकडे सगळेच नुसते पाहत बसले. सासरे म्हणाले, "हा तर आपला माणदेश."

महिन्याची निवडही उंचीइतकीच विचाराने केली होती. जुलै आणि ऑगस्टमध्ये तेथे दुपारी गडगडाटासह पाऊस येतो आणि तेथील लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अल्बुकर्कीला उष्ण हवेच्या फुग्यांचा मोठा महोत्सव असतो, तेव्हा निवासाचे दर चढतात आणि खोल्या मिळत नाहीत. आम्ही तो संपल्यानंतरचे दिवस घेतले आणि मुलांच्या शाळेची सुट्टी त्यांना जोडली. दुपारी ऊन सुखाचे आणि पहाटे कडक थंडी, असे हवामान मिळाले. सासूबाईंना स्वेटर, शाल आणि कानटोपी ही तिन्ही लागली.

सांगणार कोण?

उंचीचा प्रश्न सुटल्यावर स्थळांची निवड नव्याने करायची होती. तोवरच्या आमच्या सहलींत एक गोष्ट मला सतत खटकत असे. वस्तुसंग्रहालयात गेले की आम्ही दोघे किंवा मुलगा पाट्या वाचून आजीआजोबांना अर्थ सांगतो आणि ते मान डोलावतात. आयुष्यभर इतरांना सांगत आलेली माणसे या देशात पाय ठेवताच ऐकणारी होऊन बसतात आणि काही दिवसांनी थकून बाकावर बसू लागतात. तो थकवा केवळ पायांचा नसतो, असे माझे मत आहे. म्हणून या वेळी मी कागदावर प्रत्येक ठिकाणापुढे एक रकाना ओढला आणि त्याला "सांगणार कोण?" असे नाव दिले. ज्या जागी आमच्यापैकी किमान एका माणसाला आधीपासून काही ठाऊक असेल, तीच जागा ठेवायची, आणि चारही दिवस हे काम एकाच माणसाकडे जाता कामा नये, असा नियम केला.

या नियमाने बरीच स्थळे आपोआप गळली. ताओसचा वरचा रस्ता गेला, कारण तो आठ हजार फुटांच्या वर चढतो, वळणावळणाचा आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखे आमच्यापैकी कोणाकडेच काही नव्हते. चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ यांचे संग्रहालय, जे १९९७ पासून तेथे आहे, ते सर्वांसाठी न ठेवता नणंद आणि तिची लेक या दोघींसाठी ठेवले. ठरावीक वेळेची दोन तिकिटे काढून त्या तासभर जाऊन आल्या.

सासऱ्यांच्या नावापुढे मी "मातीची घरे" असे लिहिले होते. सांता फेची जुनी घरे उन्हात वाळवलेल्या मातीच्या कच्च्या विटांची असतात, ज्यांना तेथे अडोबी म्हणतात. मातीत काड मिसळतात, भिंती हातभर जाड ठेवतात, वर गोल लाकडी तुळया टाकून त्यांवर काटक्या आडव्या घालतात आणि माथा सपाट मातीचा करतात. पावसाचे पाणी भिंतीवर उतरू नये म्हणून छपराच्या कडेला लाकडी पन्हळी काढलेल्या असतात. मंगळवेढ्याच्या ज्या वाड्यात सासऱ्यांचे बालपण गेले तो याच रीतीचा आहे. अशा सपाट मातीच्या छपराला आपण माळवद म्हणतो. स्थानकातून बाहेर पडल्यावर पहिल्याच गल्लीत ते थांबले, वर बोट दाखवून नातवाला म्हणाले, "हे बघ, तुळईची टोकं बाहेर काढलीत. आपल्याकडं आत ठेवतात." पुढची पंधरा मिनिटे आम्ही जागचे हललो नाही.

त्यांनी एक गोष्ट आमच्याही आधी ओळखली. शहरातील सर्वच मातकट भिंती मातीच्या नाहीत. गावाचे रूप जुने राखावे असा विचार तेथे १९१२ पासून रुजला आणि १९५७ मध्ये तसा नियमच करण्यात आला. त्यामुळे नवी बांधकामेही मातीसारखीच दिसतात, पण अनेकांच्या आत लाकडी सांगाडा किंवा काँक्रीट असते आणि वर रंगीत गिलावा असतो. सासरे बोटाच्या पेरांनी भिंत वाजवत आणि "खरी" किंवा "वरवरची" असा निकाल देत. मोठ्या मुलाने त्याची वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली. परवानगी घेतल्यावाचून कोणाच्या खासगी भिंतीला हात लावायचा नाही एवढे मात्र दोघांना सांगावे लागले.

सान मिगेलच्या जुन्या प्रार्थनागृहात हा विषय अधिक खोल गेला. मूळ वास्तू सतराव्या शतकातील आहे. १६८० मध्ये पुएब्लो लोकांनी उठाव करून स्पॅनिशांना बारा वर्षे हुसकावून लावले, त्या वेळी तिची मोठी हानी झाली, आणि १७१० मध्ये ती पुन्हा उभारली गेली. विसाव्या शतकात तिच्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवण्यात आला होता. त्यामुळे भिंतीतील ओल आतच कोंडली गेली आणि विटा खचू लागल्या. अलीकडच्या जीर्णोद्धारात तो काढून पुन्हा मातीचा लेप देण्यात आला. हे ऐकल्यावर सासरे बराच वेळ गप्प होते. आमच्या वाड्याच्या मागच्या भिंतीला पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच सिमेंट करून घेतले होते, आणि ती भिंत दर पावसाळ्यात का फुगते हे त्यांना तोवर उमगले नव्हते.

सासूबाईंसाठी दोन जागा होत्या. पहिली म्हणजे म्युझियम हिलवरील आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालय. अलेक्झांडर जिरार्ड या रचनाकाराने व त्यांच्या पत्नीने १९७८ मध्ये त्याला लाखाहून अधिक वस्तू दिल्या. त्यांपैकी सुमारे दहा हजार वस्तू एका विशाल दालनात १९८२ पासून मांडलेल्या आहेत. शंभराहून अधिक देशांतील बाहुल्या, मातीची जनावरे, देव्हारे, बाजार आणि लग्नांचे इवलेसे देखावे तेथे आहेत. जिरार्ड यांचा भारताशी जुना संबंध होता. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भारतीय वस्त्रांचे जे प्रदर्शन भरले, त्याची मांडणी त्यांचीच होती. पण आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच होती. या दालनात वस्तूंजवळ नावाच्या पाट्या नाहीत. पाहणाऱ्याने आधी पाहावे, वाचू नये, अशी जिरार्ड यांची इच्छा होती. हवी असल्यास माहितीपुस्तिका हातात घेता येते.

पाट्या नसल्याने इंग्रजी हळू वाचणाऱ्या सासूबाई आणि अजून वाचताच न येणारी धाकटी या दोघी त्या दालनात सर्वांच्या बरोबरीच्या झाल्या, किंबहुना पुढेच गेल्या. मातीच्या जनावरांच्या रांगेपाशी सासूबाईंनी बेंदराचे बैल कसे करतात, ओल्या मातीत शिंग बसत नसेल तर काडी कशी खोचतात, हे दोन्ही नातींना सांगितले. मी तासाभराचा वेळ धरला होता. आम्ही अडीच तासांनी बाहेर पडलो, आणि त्यातही दोन वेळा बसून विश्रांती झाली.

दुसरी जागा चिमायो. सांता फेहून पाऊण तासावर असलेले हे खेडे शहरापेक्षा सुमारे हजार फूट खाली आहे, हे सासऱ्यांच्या दृष्टीने सोयीचे होते. तेथील देऊळवजा मातीचे चर्च १८१६ मध्ये पुरे झाले. गुड फ्रायडेच्या सुमारास हजारो लोक तेथे पायी येतात, काही तर थेट अल्बुकर्कीहून चालत येतात. आतल्या लहानशा खोलीत जमिनीत एक खळगा आहे, त्यातील माती भाविक चिमूटभर घेऊन जातात, आणि शेजारच्या खोलीत बरे झालेल्यांनी ठेवलेल्या कुबड्या आहेत. येथे सापडलेला क्रूस दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये नेला असता तीन वेळा आपणहून परत आला, अशी कथा सांगतात. ती ऐकताच सासूबाई म्हणाल्या, "देवाला जागा सोडायची नसते. आपल्याकडेही असंच आहे." त्यांनी चप्पल बाहेर काढली, खळग्याजवळ वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि उरलेली पदराच्या टोकाला बांधली. खळगा रिता होऊ नये म्हणून चर्चचे लोक त्यात बाहेरून माती आणून भरतात आणि ते लपवतही नाहीत, असे मुलाने वाचून दाखवले, तेव्हा चंद्रभागेच्या वाळवंटातली वाळू तरी एकाच पुराची कुठे असते, असे त्यांनी त्याला विचारले. मी त्या वेळी काहीच बोलले नाही, आणि अजूनही त्या उत्तरात भर घालावी असे मला वाटत नाही.

मोठ्या मुलाच्या रकान्यात म्याऊ वुल्फ होते. २०१६ मध्ये बोलिंगचा खेळ चालत असलेल्या एका जुन्या इमारतीत कलाकारांच्या गटाने उभारलेले हे एक गूढ घर आहे, ज्यात शीतकपाटाचे दार उघडून पुढच्या खोलीत चालत जाता येते. प्रकाश आणि आवाज यांचा भडिमार असल्याने सासऱ्यांना आम्ही नेले नाही. सासूबाई नातवाचा हात धरून गेल्या, शीतकपाटातून पार झाल्या आणि अर्ध्या तासात बाहेर आल्या. त्यांना ते आवडले की नाही हे त्यांनी सांगितले नाही. "नातवाने मला हाताला धरून नेले" एवढे मात्र डॅलसला परतल्यावर दोनदा सांगितले.

स्वयंपाकघर आणि उंबरे

निवासासाठी हॉटेलच्या तीन खोल्यांऐवजी प्लाझा म्हणजे गावाच्या मधल्या चौकापासून चालत दहा मिनिटांवरचे एक घर घेतले. त्यामागे तळमजल्यावर एक झोपण्याची खोली, न्हाणीघरात धरायला दांडी आणि पूर्ण स्वयंपाकघर, या तीन अटी होत्या. जुन्या अडोबी घरांत खोल्यांची पातळी सारखी नसते, मध्येच एखादी पायरी किंवा उंच उंबरा येतो, हे मालकाला आधी विचारूनही नीट कळले नाही. गेल्यावर सर्व उंबऱ्यांवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि रात्री लागणारे छोटे दिवे भिंतीत खोचले. आठ माणसांच्या सहलीत रात्री तीन वाजता न्हाणीघराकडे जाणारा वृद्ध माणूस हा आखणीचा सर्वांत महत्त्वाचा घटक आहे, असे मी आता मानते.

जेवणाच्या बाबतीत एक धोका फारसा कोणी सांगत नाही. न्यू मेक्सिकोच्या जेवणात पिंटो घेवडा, मका, भोपळा आणि मिरची मुबलक असल्याने ते शाकाहाऱ्यांना सोयीचे वाटते, परंतु घेवडा पुष्कळदा डुकराच्या चरबीत (लार्डमध्ये) शिजवलेला असतो, मैद्याच्या पोळीत ती असू शकते आणि मिरचीच्या रश्शात मांस किंवा मांसाचे पाणी असते. "मांस आहे का?" या प्रश्नाला "नाही" असे प्रामाणिक उत्तर मिळते, आणि तरीही चरबी असते. म्हणून "यात लार्ड आहे का, रश्शात मटणाचे किंवा कोंबडीचे पाणी आहे का?" असे दोन्ही प्रश्न विचारायचे ठरवले. लाल की हिरवी, हा त्या राज्याने अधिकृत केलेला प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. दोन्ही हवी असेल तर "ख्रिसमस" म्हणायचे, हे नऊ वर्षांच्या मुलीने लगेच उचलले.

शनिवारी सकाळी रेलयार्डच्या शेतकरी बाजारातून आम्ही भाजलेली हिरवी मिरची, भोपळा आणि निळ्या मक्याचे पीठ आणले. सासूबाईंनी त्या पिठाची भाकरी थापली. ती ज्वारीसारखी चिकटत नाही, कडेला तडे जातात, म्हणून त्यांनी पीठ उकड काढून मळले. मिरचीचा ठेचा झाला. एक वेळचे जेवण घरी आणि एक वेळचे बाहेर, हा क्रम आम्ही शेवटपर्यंत पाळला, आणि एकादशीच्या दिवशी नणंदेने डेन्व्हरहून आणलेला साबुदाणा कामी आला.

जे चुकले

पहिल्याच संध्याकाळी कॅनियन रोडला गेलो, ही माझी ठळक चूक होती. अर्ध्या मैलाच्या या रस्त्यावर दाटीने कलादालने आहेत, म्हणून "पाय मोकळे करू" एवढाच विचार केला. रस्ता प्लाझाच्या बाजूने हळूहळू चढत जातो, पदपथ अरुंद आणि खालीवर आहे. सासऱ्यांना दहा मिनिटांत धाप लागली आणि दालनांत कशालाही हात लावायचा नसल्यामुळे धाकटी रडू लागली. डॉक्टरांनी चढ टाळा असे सांगितलेले असताना नकाशात चढ दिसत नाही म्हणून मी तो गृहीतच धरला नाही. दोन दिवसांनी आम्ही मोटारीने वरच्या टोकाला उतरलो आणि खाली चालत आलो. वाऱ्यावर फिरणारी धातूची शिल्पे दालनांबाहेरच्या बागांत होती, तेथे धाकटीला मोकळे सोडता आले, आणि तोच रस्ता सर्वांना आवडला.

दुसरी अडचण खरेदीत आली. १६१० च्या सुमारास बांधलेल्या गव्हर्नरांच्या वाड्याच्या लांब पडवीत आदिवासी कारागीर जमिनीवर कापड अंथरून दागिने आणि मातीची भांडी विकतात. स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या हातचा मालच तेथे मांडता येतो, आणि जागा रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरतात. सासूबाईंनी पिरोजाच्या कर्णफुलांचा भाव सवयीने निम्म्यावर आणला. विक्रेती बाई शांतपणे नाही म्हणाली, आणि मी संकोचले. येथे भाव का करायचा नाही हे मी आधी सांगायला हवे होते. ती बाई स्वतः घडवणारी आहे हे कळल्यावर सासूबाईंनी पूर्ण किंमत दिली, तिच्या हातावरचे भाजल्याचे डाग पाहिले आणि माझ्यामार्फत तिला विचारले, की भट्टीवर किती तास बसावे लागते.

सासूसासरे जानेवारीत मंगळवेढ्याला परतले. मार्चमध्ये सासऱ्यांनी फोन करून कळवले, की मागच्या भिंतीचे सिमेंट खरवडून काढायला गवंडी मिळाला आहे, पण पांढरी माती कोठून आणायची यावर गावात दोन मते आहेत. सान मिगेलच्या भिंतीचा जवळून काढलेला फोटो पाठव, लेपात काड किती आहे ते गवंड्याला दाखवायचे आहे, असे त्यांनी नातवाला सांगितले. त्याने वहीतील त्या पानासह तो पाठवला आहे.